अंतरी दडलेला समज आणि साधकाचे उत्तरदायित्व

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानात जे भक्तजन होते त्यांना आपल्या अंतःकरणाचा शोध करण्याचे श्रम फारसे पडले नाहीत. कोणाच्या मनात काय दडले आहे ते स्वामी एखाद्या वाक्याने, एखाद्या दृष्टांताने, क्वचित नुसत्या एका प्रश्नाने त्याच्यापुढे उघडे करीत. पांडित्याचा अभिमान धरून वादासाठी आलेल्या म्हाइंभटांना आपला अभिमान दिसला तो स्वामींच्या सान्निध्यात दिसला. घरी बसून, ग्रंथ चाळून, आपणच आपली परीक्षा करून तो त्यांना दिसला असता असे मानण्यास काही आधार नाही. किंबहुना ज्या बुद्धीने ती परीक्षा करावयाची, तीच बुद्धी त्या अभिमानाने व्यापलेली होती.

स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर हे साहाय्य राहिले नाही. असन्निधानीचा साधक आचार जाणतो, सूत्रे पाठ म्हणतो, नित्यविधी चुकवीत नाही. परंतु 'तुझ्या मनात हे आहे' असे सांगणारी ती वाणी त्याच्या कानी पडत नाही. तेव्हा प्रश्न असा की, जो दोष त्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याचे त्याने काय करावे? आणि त्याही आधीचा प्रश्न : अशा दोषाचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते काय?

येथे प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. विकार कळतो. क्रोध आला की देह तापतो, लोभ आला की दृष्टी त्या वस्तूवर पुनःपुन्हा जाते, आणि थोडाबहुत सावध असलेल्या साधकाला त्याची वार्ता लागते. विकल्पही कळतो, संशय मनाला टोचतो म्हणून तो कळतो. परंतु ज्या समजाच्या आधारावर विकार उभा राहतो तो समज असा टोचत नाही. तो कधी शब्दांत आलेला नसतो, म्हणून त्याचे खंडनही कधी झालेले नसते. शास्त्र ऐकताना साधक जे मत उच्चारतो ते एक असते आणि हात, पाय, जिव्हा ज्या मताने चालतात ते दुसरे असते. दोन्ही एकाच देहात वर्षानुवर्षे नांदतात, आणि एकमेकांची भेट होऊ देत नाहीत.

केशवबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातील जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टांत सर्वांना परिचित आहे. त्याचे निरूपण बहुधा अन्य मतांच्या अपुरेपणाकडे बोट दाखविण्यासाठी होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या आंधळ्यांकडे अंमळ निराळ्या दृष्टीनेही पाहता येते. त्यांपैकी एकही खोटे बोललेला नाही. ज्याच्या हाती पाय आला त्याला खांबच लागला होता, ज्याच्या हाती कान आला त्याला सूपच लागले होते. त्यांचा दोष स्पर्शात नव्हता. माझ्या हाती आले तेवढेच सर्व, हा जो न बोललेला समज, त्यात होता. आणि हा समज कोणाही एकाला एकट्याने हत्ती चाचपून कळण्यासारखा नव्हता. शेजाऱ्याला 'तुझ्या हाती काय लागले?' असे विचारल्यावरच तो कळला असता.

आता उपदेशी जनांच्या घरातील एक प्रकार पाहू. एका गृहस्थाने उपदेश घेतला. देव्हाऱ्यातील टाक काढले, कुलदैवताचे नवस बंद केले, जत्रेची वर्गणी नाकारली. भाऊबंदांचा रोष पत्करला, हे तर विशेषच. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा भेद त्याला सांगता येतो. देवतांची फळे नाशवंत आहेत आणि मोक्ष देणारा परमेश्वर एकच आहे, हे तो दुसऱ्यांना पटवूनही देतो. पुढे त्याच्या मुलाला ताप येतो. वैद्य होतो, डॉक्टर होतो, ताप हटत नाही. घरातील वृद्धा हळूच कुलदैवताच्या कोपाची गोष्ट काढते. गृहस्थ तिला निक्षून गप्प बसवितो आणि स्वतः स्मरणी घेऊन नामस्मरणास बसतो. मनात म्हणतो, इतके स्मरण करीन, ताप उतरू दे. ताप उतरतो. तो स्थानावर जाऊन विडा अर्पण करतो, आणि आपण कसोटीला उतरलो असे मानतो.

त्याला कोणी दोष देणार नाही. मुलासाठी बापाचे काळीज तुटते यात दोष तो काय? पण येथे जे घडले ते नीट पाहावे. टाक गेले, परंतु टाकांशी जो व्यवहार होता तो राहिला. इतके देईन, इतके दे, हा जो देवतेशी करावयाचा करार, त्यातील देवतेचे नाव खोडून परमेश्वराचे नाव घातले गेले. परमेश्वर म्हणजे सर्वांत समर्थ अशी एक देवता, असा समज त्याच्या अंतरी जसाच्या तसा आहे. आणि चार पदार्थांचे उत्तम निरूपण करीत असतानाही तो तेथेच असतो. त्याला हे कधी कळेल? ताप उतरला तर बहुधा कळणारच नाही. उलट ताप न उतरता आणि त्यानंतर काही महिने स्मरणात त्याचे मन कोरडे राहिले असते, बसावेसे वाटले नसते, तर त्या कोरडेपणाच्या मुळाशी तो समज सापडला असता. रुसवा त्याच्यावरच धरता येतो ज्याने करार मोडला. ज्याच्याशी करार नव्हता त्याच्यावर कोण रुसेल? दडलेल्या समजाची अशी जागा, जेथे मन विनाकारण रुसते किंवा विनाकारण फुलते, ती पाहून ठेवावी. सूत्र पाठ म्हणताना जे सापडत नाही ते बहुधा येथे सापडते.

या ठिकाणी पूर्वपक्ष असा येतो : जीव अनादि अविद्येने युक्त आहे. अविद्या त्याने मिळविलेली नाही, ती त्याच्या स्वरूपाला लागलेलीच आहे. जे ज्ञात नाही ते टाळणे कोणाच्याही हाती नाही. म्हणून प्रायश्चित्त ज्ञात दोषाचे असावे. अज्ञात दोषासाठी जीवाला जाब विचारणे म्हणजे जन्मांधाला रस्ता चुकल्याबद्दल दंड करणे होय.

हा पूर्वपक्ष वरवरचा नाही, आणि त्याला लगबगीने उत्तर देणारे बहुधा त्याचे बळ ओळखत नाहीत. अविद्या अनादि आहे हे खरेच. परंतु अमक्या वस्तीतील मनुष्य हलका, तमका दाता थोर, माझा आम्नाय शुद्ध आणि दुसऱ्याचा मिश्र, हे समज अनादि नाहीत. ते या जन्मी, या घरी, या मठात शिकलेले आहेत आणि रोज थोडे थोडे पोसलेले आहेत. अनादि अविद्येच्या पदराखाली त्यांना लपविणे ही शास्त्राचीच ओढाताण आहे.

दुसरे असे की, अज्ञात आणि लपविलेले या दोहोंत अंतर आहे. जे सर्वथा अज्ञात असते त्याला लपवावे लागत नाही. पण हा समज लपविला जातो, याचे प्रमाण आचारातच मिळते. अधिकरणासमोर साधकाचे वर्तन एक असते, अधिकरण उठून गेल्यावर दुसरे असते. अमुक प्रश्न कोणी केला की उत्तर फार लवकर येते, जणू ते तयारच होते. अमुक विषय निघाला की आवाज किंचित चढतो. ज्याला दारामागे काय आहे ते अजिबात माहीत नाही तो दाराला पाठ लावून उभा राहत नाही. पंथातील पोथ्या पूर्वी सकळ लिपीत लिहून ठेवीत. त्या लिपीने मजकूर परक्यापासून झाकला जाई. लिहिणाऱ्यापासून तो कधीच झाकलेला नव्हता. जीवाने आपल्या समजासाठी जी लिपी केली आहे तीही त्याची स्वतःचीच आहे. ती वाचण्याचा कंटाळा आणि भय त्याला आहे, एवढेच. म्हणून उत्तरदायित्व त्याच्यावर येते. पूर्ण नसेल, पण वाचण्याचे नाकारले तेवढ्यापुरते निश्चित येते. जन्मांधाचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण शास्त्र ऐकलेल्याच्या हाती दिवा दिलेला आहे.

मग वाचावे कसे? एकांतात बसून मनात डोकावत राहणे हा मार्ग पुष्कळांना सुचतो. विजनाचे महत्त्व आहेच. परंतु विजनात साधकाने करावयाचे ते परमेश्वराच्या नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टांचे स्मरण होय. स्वतःच्या मनाचे स्मरण नव्हे. आपले दोष सतत उकरीत बसणारा मनुष्य काही काळाने त्या दोषांतच रमतो. 'माझ्यासारखा पापी नाही' यातला 'माझ्यासारखा' त्याला गोड लागतो. आणि सर्वसाधारण दुःख करणे सोपे असते. मी अपराधी आहे, मी विकारवंत आहे, असे रोज म्हणणाऱ्या साधकाला कधी विचारावे की, काल कोणता अपराध झाला आणि कोणाचा झाला? तेथे तो अडखळतो. जो अपराध नावाचा आहे त्याला एक माणूस जोडलेला असतो, आणि त्या माणसाकडे जावे लागते. निनावी अपराधासाठी कोठेच जावे लागत नाही. अनुतापाचे अश्रू खरे असूनही तो अनुताप अशा रीतीने आडोसा होऊ शकतो, ही गोष्ट बोलण्यास कठीण वाटते. पण पंथातील वृद्धांनी ती पाहिलेली आहे.

मात्र लीळास्मरणातच एक आरसा ठेवलेला आहे, आणि त्याचा उपयोग फार थोडे करतात. साधकाने आपणांस कोणती लीळा आवडते हे पाहण्याऐवजी कोणत्या लीळेपाशी आपण थांबत नाही हे पाहावे.

असा एक वयोवृद्ध निरूपणकार कल्पावा. आचाराने चोख, विद्वान, प्रेमळ. चातुर्मासात त्याच्या मठात दररोज लीळांचे निरूपण होते. शिकारी कुत्री मागे लागलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन लपला, ती लीळा तो सांगू लागला की श्रोत्यांचे डोळे भरून येतात, त्याचेही येतात. असा क्रम कित्येक वर्षे चालला आहे. एके दिवशी निरूपण संपल्यावर मागे बसणारा एक उपदेशी पुढे येतो, दंडवत घालतो आणि म्हणतो, "बाबा, सशाची लीळा आम्ही दर वर्षी ऐकतो. श्रीप्रभूंनी रिद्धपुरात मातंगांची पाण्याची विनवणी ऐकली, ती लीळा यंदाही राहिली." निरूपणकार तत्काळ म्हणतो, "वेळ पुरला नाही."

हे उत्तर खोटे नाही. वेळ खरोखरच पुरला नव्हता. परंतु ते फार लवकर आले, आणि रात्री निजताना तेवढेच त्याच्या मनात राहिले. त्याने उठून पोथी सोडली. सशाच्या लीळेची पाने बोटांच्या मळाने काळवंडली होती, कडा झिजल्या होत्या. श्रीगोविंदप्रभू रिद्धपुरात याती न पाहता घरोघर संचार करीत, हवे तेथे जात, हवे ते आरोगीत, त्या लीळांची पाने जवळजवळ कोरी होती. आपण ही पाने किती वेळा उलटली याचा हिशेब त्याने कधी ठेवला नव्हता. पानांनी ठेवला होता.

अशा वेळी बुद्धी स्वस्थ बसत नाही. ती शास्त्र पुढे करते. अवताराचे चरित्र स्मरणासाठी असते, अनुकरणासाठी नसते; साधकाने वचनाप्रमाणे वागावे, चरित्राप्रमाणे नव्हे. हा सिद्धांत खरा आहे, आणि तो सोडता कामा नये. परंतु सिद्धांताचा उपयोग कोठे केला जातो हे पाहिले म्हणजे उपयोग करणाराचे अंतर कळते. सशाची लीळा सांगताना 'ही अनुकरणीय नव्हे' असे त्याने कधी म्हटले नव्हते. तेथे तो जीवदया शिकवीत असे. मातंगांच्या लीळेपाशी येताच त्याला सिद्धांत आठवे. शिवाय या ठिकाणी आड घेण्यास वचनही नाही, कारण चारही वर्णांत भिक्षा करावी ही तर स्वामींची आज्ञाच आहे. सिद्धांत खरा, पण तो पहाऱ्यावर बसविला गेला होता, आणि ज्याच्यावर पहारा होता तो समज असा की, परमेश्वरापुढे याती नाही, पण मठात थोडीशी आहे.

इथपर्यंत निरूपणकार आपल्या आपण आला. यापुढे मात्र एकट्याने जाता येत नाही, आणि पुष्कळ साधकांचा शोध येथेच थांबतो. त्यांना वाटते की दोष दिसला, आता प्रार्थनेत त्याचे दुःख केले की झाले.

येथे म्हाइंभटांचे पुढील चरित्र उपयोगी पडते. अभिमानी पंडित म्हणून आलेल्या याच म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास, आचार्य श्रीनागदेवांच्या अनुमतीने आणि साहाय्याने, स्वामींच्या लीळा एकत्र केल्या. स्वतः पाहिलेले तेवढे लिहून त्यांना ग्रंथ करता आला असता. त्यांची विद्वत्ता त्याला पुरेशी होती. पण ज्यांच्यासमोर जी लीळा घडली त्यांच्याकडे ते गेले. कोणी स्त्री असेल, कोणी अक्षरशत्रू असेल, कोणी दूरच्या गावी राहत असेल. तिला, त्याला विचारून त्यांनी लिहिले. लीळाचरित्राच्या पोथ्यांत आजही एकाच प्रसंगाचे हिराइसांचे सांगणे वेगळे, रामेश्वरबासांचे वेगळे, अशी पाठांतरे नोंदलेली दिसतात, आणि काही ठिकाणी 'शोधु' अशी खूण करून निराळी माहिती दिलेली असते. अशा ठिकाणी एक पाठ गुळगुळीत करून दुसऱ्यात मिसळलेला नाही. जो मनुष्य एके काळी आपल्या बुद्धीखेरीज कोणाचे प्रमाण मानीत नव्हता त्याने आयुष्याचे मोठे कार्य दुसऱ्यांच्या साक्षीवर उभारले, यात त्याच्या अभिमानाचे काय झाले ते कळते. लीळाचरित्राच्या या बाजूकडे अभ्यासकांचे जितके लक्ष गेले तितके साधकांचे गेले नाही.

हीच रीत साधकाने आपल्या आचाराला लावावी. आपले वर्तन ज्याच्यासमोर आणि ज्याच्यावर घडले तो त्या वर्तनाचा साक्षी आहे. त्याचा पाठ आणि आपला पाठ यांत भेद पडला तर आपला पाठ शुद्ध, त्याचा अपपाठ, असे आधीच ठरवू नये. साक्षी पुष्कळ असतात : पंक्तीला शेजारी बसणारा सहधर्मी, पाणी आणून देणारा लहान भिक्षुक, जिचा प्रश्न 'पुढे येईल' म्हणून दर वेळी पुढे ढकलला गेला अशी एखादी तपस्विनी. महदाइसेच्या प्रश्नांना स्वामींनी किती वेळ दिला हे लीळाचरित्रात पानोपानी दिसते. त्या तपस्विनीला तेही ठाऊक असते. साक्षी नेहमी बरोबरच असतो असे नाही. तोही जीव आहे, त्याच्याही ठिकाणी विकार आहे. म्हणून त्याचे सांगणे अधिकरणापुढे ठेवावे. पण ऐकल्यावाचून टाकू नये.

निरूपणकाराने त्या उपदेशीला बोलावून घेतले आणि विचारले, "माझ्या वागण्यात तुम्हांला काही दिसत असेल तर सांगा." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही आमच्या वस्तीत भिक्षेला येता, कधी चुकवीत नाही. पण झोळी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच धरता. पाटलांच्या वाड्यात ओसरीवर टेकता, पाणी घेता, पोराबाळांची नावे विचारता. माझ्या पोरांची नावे तुम्हांला ठाऊक नाहीत."

निरूपणकाराला यांतले काही आठवेना. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखर आठवत नव्हते. ज्याच्या दारी तो उभा राहिला त्याला मात्र प्रत्येक वेळ आठवत होती.

पुढच्या भिक्षेच्या दिवशी तो त्या वस्तीत गेला. घरच्या बाईने घाईने घोंगडी अंथरली. तो बसला, पाणी घेतले, मुलांची नावे विचारली. थोरल्याचे नाव त्याने दोनदा विचारले, कारण पहिल्या वेळी त्याचे लक्ष नव्हते. लक्ष कोठे होते तेही त्याला त्या क्षणी दिसले : आपण येथे बसलो आहो हे रस्त्याने जाणाऱ्या कोणी पाहिले काय, याकडे. पूर्वी कोणी पाहू नये असे वाटत असे, आता पाहावे असे वाटत होते. मुलाचे नाव नीट ऐकून घेऊन तो उठला, आणि सायंकाळी प्रार्थनेच्या आधी अधिकरणाकडे जाऊन वस्तीतले आणि रस्त्याचे, दोन्ही सांगितले.